तिसऱ्या पेल्यातला स्टो

माघातली दुपार होती. सुवर्णधूसर, मंदमंथर, आणि जेवून उठलेल्या यजमानासारखी जराशी तृप्त. नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या निळ्या पाण्याच्या कडेकडेने, टेकड्यांच्या उतारावर द्राक्षवेली रांगा धरून उभ्या होत्या. आणि त्या रांगांमधून ऊन एकेक ओळ वाचत सावकाश वर चढत होतं.

वेलींना घोस लगडले होते. काळेनिळे, घट्टमुठीचे, अंगावर पांढुरकी रेशमी साय पांघरलेले घोस. वारा यायचा तो पाण्यावरून यायचा, पानांना नाव विचारायचा आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जायचा. आकाश इतकं निर्मळ होतं, की त्यात एखादी घार नसती तर ते रिकामं वाटलं असतं. म्हणून एक घार होती.

अशा त्या दुपारी, मुरमाच्या वळणदार रस्त्यावरून एक भाड्याची गाडी धूळ उडवत आली. गाडीत मागे दोन बायका बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर स्टीलचे दोन डबे होते. दुसरीच्या जिभेवर एक शब्द होता.

डबे होते सुमतीमामींचे. एकात रव्याचे लाडू होते आणि दुसरा रिकामा होता.

शब्द होता वैजयंतीचा.

वैजयंती गायधनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. पन्नाशीचा घाट तिने केव्हाच ओलांडला होता. केसांत रुपेरी रेषा, नाकावर चष्मा, आवाजात नकाशासमोर उभं राहून कमावलेली शांतता. ती अविवाहित होती. हा शब्द तिच्याविषयी बोलताना लोक असा हळू उच्चारत, की जणू त्या शब्दाला ताप आहे आणि तो नुकताच झोपला आहे.

तिचं मात्र बरं चाललं होतं. घर होतं, नोकरी होती, गच्चीवर कुंड्या होत्या, उन्हाळ्यात एखादा हिमालय होता. फक्त चहाचं भांडं तेवढं नेहमी एक कप मोठं पडे. ती त्यात एकाच कपाचं पाणी ठेवी, आणि ते पाणी त्या रुंद तळाशी इतकं एकटं दिसे, की उकळी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत उभी राही.

आज ती एका माणसाला भेटायला आली होती. ठरवलं होतं मामींनी. मामींच्या भिशीतल्या मैत्रिणीचा दीर, रत्नाकर दाबके, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी दूरदेशी. माणूस सज्जन आहे, असं मामी म्हणाल्या होत्या. आणि मामींच्या शब्दकोशात सज्जन म्हणजे जो वाढलेलं सगळं संपवतो तो.

वैजयंती हो म्हणाली. मामींना आनंदाने भरून आलं. पण तिच्या होकाराचं कारण त्यांना माहीत नव्हतं.

कारण तो शब्द होता. कळवते.

* * *

तिच्या तरुणपणी, नाशकातल्या एका अरुंद गल्लीत, तिसऱ्या प्रहराला पावलं वाजत. पावलं पाहुण्यांची असत. कधी धुळ्याची, कधी पुण्याची, कधी नुसत्याच एका शेजारच्या आळीची. त्या पावलांच्या आधी घरात पितळी स्टो पेटत असे.

तिने मोजणं लवकरच सोडून दिलं. माणसं बदलत, प्रश्न बदलत नसत. खिडकीजवळ बस बाळ, उजेडात. सुईत दोरा ओव. काहीतरी विचारा ना मुलीला, लाजू नका. जरा आतल्या खोलीपर्यंत चालून ये. आणि मग पोहे संपत, चहा संपे, सुपारी चघळून होई, आणि कुणीतरी ज्येष्ठ माणूस चपलेत पाय सरकवता सरकवता, कुणाकडेच न पाहता म्हणे: कळवतो.

किती मृदू शब्द. किती पक्व, सुसंस्कृत, लोण्यात बुडवून काढलेला शब्द. त्याला धार नव्हती, त्यामुळे जखम कुठे झाली ते कधी दाखवताही आलं नाही.

कळवलं कुणीच नाही. जे कळायचं ते पोस्टमन न येण्यातून कळे.

वर्षांवर वर्षं साचत गेली, गाळासारखी, थरावर थर. गल्लीत पावलं वाजेनाशी झाली. स्टोची जागा गॅसने घेतली, वडील गेले, आई गेली, आणि वैजयंतीच्या मनाच्या तळाशी एक छोटी, नीटनेटकी, अत्यंत अशोभनीय इच्छा उरली. एकदा, फक्त एकदा, आपल्याला पाहायला आलेल्या माणसाकडे पाहून, चपलेत पाय सरकवता सरकवता, आपण म्हणावं: कळवते. आणि कळवू नये.

ती सकाळी आरशासमोर तो शब्द म्हणून पाहून आली होती. चांगला वाटला होता. चष्मा काढून अधिक चांगला वाटला होता.

* * *

जागा मामींनी निवडली होती, आणि चुकून निवडली होती.

मैत्रिणीच्या नातीने एक फोटो दाखवला होता: हिरव्या रांगा, निळं पाणी, झोपाळा, खाली ठळक अक्षरांत टेस्टिंग. मामींनी मोठ्या उत्साहाने फोन करून तीन माणसांचं टेस्टिंग सांगून ठेवलं. टेस्टिंग कशाचं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. द्राक्षाच्या मळ्यात माणूस काय चाखणार? थॉमसन चाखणार, सोनाका चाखणार, काळी शरद चाखणार, आणि जी गोड लागेल ती पावशेर-अर्धा किलो बरोबर नेणार. रिकामा डबा त्यासाठी होता.

फाटकातून आत शिरताच मामींनी वेलीवरचा एक मणी न विचारता तोडून तोंडात टाकला. जाड साल, बिया, आणि जेमतेम नखाएवढा. त्यांनी तो माल नापास केला. एवढ्याशा द्राक्षांना एवढी मोठी पाटी कशाला, असं त्या गाडीवाल्याला म्हणाल्या. गाडीवाल्याने मान डोलावली. त्याला पाटीवर काय लिहिलंय ते ठाऊक होतं, पण तो विचारल्याशिवाय बोलत नसे.

रत्नाकर दाबके आधीच येऊन थांबले होते. सिटीबसने शेवटच्या थांब्यापर्यंत येऊन उरलेली चढण चालत आले होते, त्यामुळे बुटांवर मुरमाची धूळ होती आणि कपाळावर घामाची एक सभ्य रेघ. इस्त्रीचा फिका निळा शर्ट. हातात काहीच नव्हतं, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. धरणाच्या पाण्याकडे मात्र ते ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसे पाहत होते.

नमस्कार झाले. प्रवास कसा झाला ते विचारून झालं. मामींनी दोघांकडे आळीपाळीने, पोळी फुगते का ते पाहावं तशा नजरेने पाहिलं.

मग काचेचं दार उघडलं आणि आतली थंड, सागवानी, मद्यगंधी सावली बाहेर येऊन मामींना भेटली. ओकच्या पिंपांची भिंत, भिंतीवर बाटल्यांच्या रांगा, आणि लांब मेजावर प्रत्येकासमोर पाच पेले, तहानलेले, उंच मानेचे, बगळ्यांसारखे एका पायावर उभे.

मामी थांबल्या. त्यांच्या मुखावरून ऊन सरकलं.

“वैजू,” त्या म्हणाल्या, “हे दारूचं दुकान आहे.”

त्यानंतर बराच वेळ मामी बोलत होत्या आणि मुग्धा ऐकत होती. मुग्धा म्हणजे तिथली पेले भरणारी मुलगी. काळा एप्रन, केसांचा अंबाडा, आणि दिवसातून कितीदा तरी तेच सांगूनही न शिणलेला चेहरा. हा द्राक्षाचाच रस आहे, फक्त थोडा मुरलेला, असं तिने मामींना समजावलं. मुरलेला या शब्दावर मामी किंचित निवळल्या. लोणच्याशी त्यांचं जुनं सख्य होतं. मग त्यांनी विचारलं, म्हणजे द्राक्षासवच ना हे? मुग्धाने क्षणभर विचार केला, आणि नोकरीत मुरलेल्या माणसासारखी म्हणाली, त्याच घराण्यातलं, आजी.

एवढं पुरलं. मामींनी लाडवाच्या डब्यातून चमचा काढला, पुसला, आणि त्या औषध घ्यायला बसावं तशा पूर्वेकडे तोंड करून बसल्या.

* * *

मेजाच्या दुसऱ्या टोकाला ठाण्याहून आलेली एक मंडळी होती. सुरकुतलेल्या महाग कापडांची, हलक्या हास्यांची मंडळी. त्यांतल्या एकाने वेताची टोपी घातली होती. छपराखाली ऊन नव्हतं, पण टोपीला ते माहीत नव्हतं.

मुग्धाने पहिला पेला भरला. पिवळसर, पारदर्शक, पहाटेच्या उजेडात पाणी घालून केल्यासारखा द्रव. ती म्हणाली, आधी रंग पाहायचा. पेला तिरका करायचा, उजेडाकडे न्यायचा.

सगळ्यांनी पेला उजेडाकडे नेला. खिडकीजवळ बस बाळ, उजेडात.

वैजयंतीचा हात मेजावरच राहिला.

मुग्धा म्हणाली, आता फिरवून पाहायचा. आत द्रव फिरला, काचेला बिलगला, आणि थेंबांचे सडपातळ ओघळ एकामागून एक खाली उतरू लागले. यांना लेग्ज म्हणतात, वाइनचे पाय. ते कसे उतरतात ते नीट बघायचं. सगळ्यांनी पाय बघितले. टोपीवाला म्हणाला, पाय छान आहेत.

जरा आतल्या खोलीपर्यंत चालून ये.

मग वास घ्यायचा. मग एक घोट, तो तोंडात खेळवायचा, त्याला बोलकं करायचं. काहीतरी विचारा ना मुलीला, लाजू नका. आणि शेवटी, मुग्धा मधाळपणे म्हणाली, नाही आवडली तर उरलेली या पात्रात ओतून द्यायची. इथे कुणी वाईट वाटून घेत नाही.

पात्र चकचकीत होतं, रुंद तोंडाचं, रुपेरी. लोण्यात बुडवून काढलेलं.

वैजयंतीने पेल्याकडे पाहिलं. तो उंच मानेचा, नितळ अंगाचा, निमूट पेला लोकांच्या नजरांमधे उभा होता, आणि त्याने मान खाली घातली आहे असं तिला उगाच वाटलं. तिने रंग पाहिला नाही. पाय पाहिले नाहीत. तिने तो उचलला आणि एका दमात, साधेपणाने, तहानेला पाणी द्यावं तसा रिकामा केला. परीक्षा न घेता.

खाली ठेवताना तिने समोर पाहिलं. दाबक्यांनी पेला फिरवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला होता आणि बरीचशी वाइन त्यांच्या मनगटावर आली होती. उरलेली त्यांनी पिऊन टाकली. पात्राकडे त्यांनी पाहिलं, मग मामींकडे पाहिलं. ताटात टाकायचं नाही, हे वाक्य ज्या घरांमधे लहानपणी रोज वाढलं जातं, त्या घरांचा एक माणूस दुसऱ्याला दुरून ओळखतो.

मामींनी आपला पेला चमच्या-चमच्याने अर्धा केला होता. दर चमच्यानंतर त्या डोळे मिटून घशातली उतरण पाहत होत्या. कडू आहे, त्या म्हणाल्या, म्हणजे गुणकारी असणार.

दुसरा पेला आला. ठाण्याच्या टोकाकडून शब्द उडू लागले, पाखरांसारखे, रंगीबेरंगी आणि परदेशी. कुणाला लिची लागली. कुणाला ओला खडक लागला. टोपीवाल्याला त्यात उन्हाळी कुरण आठवलं. कुरण कुणी पाहिलेलं नव्हतं, पण आठवत सगळ्यांना होतं.

दाबक्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, आंबट आहे. आणि ते एवढ्या सौम्यपणे म्हणाले, की तो दोष वाटला नाही, नोंद वाटली.

वैजयंतीला आतून हसू आलं. तिने ते चष्म्यामागे ठेवलं. शब्द अजून जिभेवर होता, आणि त्याची धार तिला जपायची होती.

* * *

मग तिसरा पेला.

मुग्धाने बाटली जरा जपून उचलली. या द्राक्षाचं नाव रिझ्लिंग, ती म्हणाली. ही बाटली काही वर्षं अंधारात थांबलेली आहे. पेल्यात जे उतरलं ते सोनं होतं, पण उजळलेलं नव्हे. पेटीच्या तळाशी, मलमलीत गुंडाळून ठेवलेलं, आईच्या आईचं सोनं.

वैजयंतीने पेला नाकाशी नेला.

आणि मद्यगंधी सावली विरली. सागवान विरलं. पिंपांची भिंत मागे सरली, आणि तिच्या जागी एक लहानसं, धुरकट, शेणाने सारवलेलं स्वयंपाकघर आलं. ओट्याशेजारी पितळी स्टो. काकडा पेटलेला. पंपाचा दट्ट्या वर-खाली, वर-खाली. पिन मारली की फस्सकन येणारा तो घासलेटाचा तीव्र, तेलकट, डोळ्यांना झोंबणारा श्वास, आणि मग निळी, वर्तुळाकार, घरघरणारी फुलराणीसारखी ज्योत. ज्योतीवर कढई. कढईत मोहरी. मोहरीवर कांदा. आणि कढईपाशी बसलेली, नव्या साडीला वास लागू नये म्हणून पदर खोचलेली एक मुलगी, जिला बाहेरच्या खोलीतली पावलं ऐकू येत आहेत.

वास तोच होता. तंतोतंत तोच.

मधाचा, ठाणं म्हणालं. संत्र्याच्या फुलांचा. टोपीवाला म्हणाला, चमेली, पण पावसातली.

वैजयंतीने पेला जरा दूर धरला. एवढ्या चमेलीत घासलेट कसं काढायचं? काही वास सांगायचे नसतात. तिने पेला खाली ठेवला, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं होतं त्याला ती मनातल्या मनात झोंबणं म्हणाली.

तेवढ्यात समोरून आवाज आला.

“स्टो,” दाबके म्हणाले.

दाबक्यांनी पुन्हा पेल्यात नाक घातलं, आणि जलाशयाची पातळी सांगावी तशा आवाजात खुलासा केला.

“पंपाचा स्टो. पिन मारल्यावर येतो तो.”

ठाणं हसलं. टोपी हलली. मामींनी घाईघाईने आपला चमचा हुंगला आणि काही बिघडलंय का ते मुग्धाला विचारलं. पण मुग्धाचा तो न शिणलेला चेहरा आज पहिल्यांदा खरोखरीचा उजळला होता. ती म्हणाली, बरोबर आहे, सर. या द्राक्षाने ऊन फार सोसलं, आणि मग ते बाटलीत पुरेसं थांबलं, की त्याला हा वास येतो. नवख्यांना वाटतं माल खराब झाला. जाणकार माणसं तोच शोधत येतात.

टोपीवाल्याने तत्परतेने पुन्हा वास घेतला, आणि त्यालाही तो येऊ लागला.

ऊन सोसलेलं. अंधारात थांबलेलं. शोधत येतात. वैजयंतीने ते तीन शब्दसमूह ऐकले आणि ती हसली. बाहेर हसली, मोकळी हसली, चष्मा काढून पुसावा लागेल इतकी हसली.

* * *

मग बोलणं आपोआप सुरू झालं. बांधाला कुठेतरी एक बोटभर फट पडावी, आणि पाणी स्वतःच वाट काढत निघावं तसं.

दाबके तरुणपणी कालव्यांच्या कामावर होते. माळरानावर राहुटी, राहुटीत खाट, खाटेखाली स्टो. त्या स्टोवर भात होई, चहा होई, अंघोळीचं पाणी होई. सगळे शर्ट घासलेटाने दरवळत. लग्न झाल्यावर बायकोने ते शर्ट पुनःपुन्हा धुतले आणि शेवटी नाद सोडून दिला. तुम्ही अंधारात आलात तरी मला कळतं, असं ती म्हणे. ती गेल्यावर मुलीने परदेशातून येऊन घरात एक यंत्र बसवून दिलं. त्यात बटण दाबलं की जेवण गरम होतं, आणि कशालाच वास येत नाही. स्टो माळ्यावर आहे. चिंचेने घासून ठेवलेला. का घासतो ते ठाऊक नाही.

हे सगळं त्यांनी दुःखासारखं सांगितलं नाही. एखाद्या गावाला कुठल्या बाजूने पाणी येतं, तसं सांगितलं.

“आमच्या स्टोवर पोहे व्हायचे,” वैजयंती म्हणाली.

“कुणासाठी?”

“येतील त्यांच्यासाठी.”

दाबके समजले. त्या पिढीतल्या कुणाला ते समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी अरेरे केलं नाही, पूर्वी सगळं असंच होतं असंही म्हटलं नाही. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत, इतक्या माणसांनी, इतके प्रश्न विचारले होते. रंगाचे, उंचीचे, गोत्राचे, शिवणाचे. हा कुणी विचारला नव्हता.

“तुम्ही कधी खाल्लेत ते?”

वैजयंतीने आठवून पाहिलं. बशा भरून बाहेर जात. बशा रिकाम्या होऊन आत येत. कढईला जे चिकटून राही ते खरवडून पाण्यात भिजत पडे. कोथिंबीर तिने चिरली होती, खोबरं तिने खवलं होतं, लिंबाच्या फोडी तिने एकसारख्या केल्या होत्या.

“नाही,” ती म्हणाली. आणि तिला स्वतःलाच नवल वाटलं.

* * *

चौथा पेला लाल होता, पाचवा अधिक लाल. त्यांच्याविषयी कुणाला फारसं आठवत नाही.

ते दोघं बाहेर आले तेव्हा दुपार उतरणीला लागली होती. ऊन आता केशरी झालं होतं आणि वेलींच्या सावल्या लांबून एकमेकींच्या मांडीवर डोकं ठेवून पहुडल्या होत्या. पाण्यावर सोन्याची मोडतोड चालली होती. घार अजून होती.

मामी झोपाळ्यावर होत्या. द्राक्षासव गुणकारी ठरलं होतं. दोन्ही डबे मांडीवर, हात डब्यांवर, डोळे मिटलेले, आणि मुखावर सगळ्या जगाचं लग्न लावून दिल्याचं समाधान. झोपाळा अगदी थोडा, आपल्याच आठवणीने हलत होता.

वैजयंती आणि दाबके दोन रांगांमधून चालले. फार नाही, वेल संपते तिथपर्यंत. तिथे बांध होता, बांधापलीकडे पाणी होतं, आणि बोलण्यासारखं जे उरलं होतं ते आता बोलावंच लागणार होतं.

दाबके पाण्याकडे पाहत म्हणाले, “मामी म्हणाल्या, काय ते तुम्ही कळवाल.”

तो क्षण आला होता. इतक्या वर्षांचा, इतक्या ऋतूंचा, आरशासमोर घासून लख्ख केलेला क्षण. वैजयंतीने चपलेत पाय नीट सरकवला. जिभेवरचा शब्द उठून उभा राहिला.

“कळवते,” ती म्हणाली.

शब्द बाहेर पडला. मृदू, पक्व, सुसंस्कृत. तिला वाटलं होतं, कुठेतरी शंख वाजेल. गल्लीतली सगळी पावलं एकदम थांबतील, मागे वळून पाहतील. तसं काही झालं नाही. वारा पाण्यावरून आला, पानांना नाव विचारून गेला.

फक्त दाबक्यांनी मान हलवली.

“हो, हो,” ते म्हणाले. “सावकाश कळवा.”

आणि ती मान, ते किंचित पुढे झुकणं, ते रिकामे हात एकमेकांत गुंफून घेणं, ते हसू, ज्यात आशा नाही पण कुरकूरही नाही: वैजयंतीने ते ओळखलं. गल्लीच्या तोंडापर्यंत पाहुण्यांना पोचवायला जाणारे तिचे वडील तसेच उभे राहत. हो, हो, सावकाश कळवा, असंच म्हणत. आणि पाहुणे वळणाआड गेल्यावरही जरा वेळ तिथेच थांबत, म्हणजे घरात शिरण्याआधी चेहरा नीट करता यावा.

बाबा, तिच्या मनात कुणीतरी म्हणालं.

जो शब्द तिने त्या सगळ्यांना परत करायला इतकी वर्षं जपला होता, तो चुकीच्या घरी पोचला होता. तो त्यांना पोचलाच नव्हता. तो त्या एकाच माणसाला पोचला होता, ज्याने कधी कुणाचं काही ओतून दिलं नव्हतं.

टाळूवर, सगळ्या पेल्यांच्या चवी सरून गेल्यावर, एकच काहीतरी मागे राहिलं होतं. तेलकट. निळसर. ऊबदार.

दाबके माघारी वळले होते. दोन पावलं गेलेही होते.

“कळवलं, असं समजा,” वैजयंती म्हणाली.

ते थांबले.

“रविवारी मी तुमच्याकडे येते. पोहे तुम्ही करायचे.”

दाबके वळले नाहीत. क्षणभर ते तसेच पाठमोरे उभे राहिले, फिक्या निळ्या शर्टावर केशरी ऊन घेऊन. कदाचित चेहरा नीट करत असतील. मग त्यांनी विचारलं:

“स्टोवर?”

“स्टोवर.”

“पिन शोधावी लागेल.”

“शोधा,” वैजयंती म्हणाली. “आणि मी नीट पाहणार आहे. रंग पाहीन, वास घेईन. मीठ कमी पडलं तर तोंडावर सांगेन. सांगून टाकेन, कळवणार नाही.”

झोपाळ्यावर मामींचे डोळे मिटलेलेच होते. पण त्या मिटल्या डोळ्यांच्या आतून, द्राक्षासवाच्या खोल, मधुर, गुणकारी तळाशी बसून, त्यांचा आवाज आला.

“वैजू, लिंबू असतं का घरात, ते विचार त्यांना.”

लिंबू नसे. आणतो, असं दाबके म्हणाले.

मग गाडीवाल्याला हाक गेली. दाबक्यांनी बसने जाईन म्हणून पाहिलं, पण मामींनी लाडवाचा डबा त्यांच्या हातात दिला, आणि इतका वेळ काय करावं ते न कळलेल्या त्या हातांना अखेर काम मिळालं. डबा धरून ते पुढच्या सीटवर बसले. मामींनी रिकामा डबा मांडीवर घेतला, त्याचं झाकण उघडून आत पाहिलं, आणि त्या काही न मिळताही दिवस फुकट गेला नाही अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटून पुन्हा झोपल्या. गाडी मुरमाच्या वळणावर धूळ उडवत उतरू लागली. धुळीला ऊन लागलं. धूळ केशर झाली. केशर निवत निवत वेलींवर बसलं.

आत, लांब मेजावर, पेले अजून तसेच होते. ठाणं निघून गेलं होतं, टोपी निघून गेली होती, मुग्धा रुपेरी पात्र विसळायला घेऊन गेली होती. काचेच्या दारातून मावळतीचं शेवटचं ऊन आत आलं, मेजावरून सरपटत, एकेका पेल्याला न थांबता ओलांडत आलं, आणि वैजयंतीच्या तिसऱ्या पेल्यापाशी थांबलं.

पेल्याच्या काचेवरून एक थेंब खाली उतरत होता. त्याला कुणी पाहत नव्हतं. तो घाई करत नव्हता. उतरत होता, थांबत होता, उतरत होता. आणि जेव्हा तो तळाशी पोचला, तेव्हा त्या उरल्यासुरल्या सोन्यात ऊन पेटलं. एक लहानशी, गोल, निवांत ज्योत. घरघर न करणारी. कुणाची वाट न पाहणारी. बराच वेळ तेवणारी.